बंद पडण्याआधी कम्प्युटर शेवटचं काय बोलतो? कर्नलच्या 'प्रिंट-के'ची गोष्ट

रील बघता बघता फोनची स्क्रीन अचानक काळी होते. थोड्या वेळानं कंपनीचा लोगो येतो, फोन पुन्हा सुरू होतो आणि काही झालंच नाही अशा थाटात व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. 'हँग झाला असेल' म्हणून आपण पुढे स्क्रोल करतो.

पण बंद पडण्याआधीच्या त्या क्षणी फोनच्या पोटात बहुतेक वेळा काहीतरी लिहिलं गेलेलं असतं. नेमकं काय बिघडलं, कुठे बिघडलं, त्या वेळी कोणतं काम सुरू होतं. तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर हे लिहिण्याचं काम ज्या फंक्शनकडे असतं त्याचं नाव आहे 'प्रिंट-के'. लॅपटॉपवर उबुंटू असेल तरी तेच, आणि इन्स्टाग्राम-फेसबुक ज्या सर्व्हरवर चालतं तिथेही तेच. कारण या सगळ्यांच्या मुळाशी लिनक्स नावाचं एकच कर्नल आहे.

स्क्रीनवर एक ओळ छापणं यात अवघड ते काय, असं वाटेल. मलाही हा लेख लिहायला घेईपर्यंत तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात या एका कामानं लिनक्सच्या अनुभवी प्रोग्रामरांना अनेक वर्षं दमवलं आहे.

कर्नलला वेगळी सोय का लागते?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसरवर कुणाचा नंबर कधी लावायचा, डिस्क, कीबोर्ड, कॅमेरा यांच्याशी कसं बोलायचं, हे सगळं ते ठरवतं. बाकीची सगळी अ‍ॅप्स त्याच्याकडे अर्ज करतात.

'सी' भाषा शिकलेल्यांना 'प्रिंट-एफ' आठवत असेल. कॉलेजातला पहिला प्रोग्राम, 'हॅलो वर्ल्ड' छापणारा. साध्या प्रोग्रामनं प्रिंट-एफ वापरलं की ते मजकूर तयार करतं आणि शेवटी कर्नललाच सांगतं, "हे तेवढं स्क्रीनवर दाखव." म्हणजे छापण्याचं खरं काम कर्नलचंच. मग कर्नललाच काही सांगायचं असेल तर त्यानं कुणाकडे जायचं? त्याच्या खाली दुसरं कुणी नाही. प्रिंट-एफ ज्या लायब्ररीत राहतं, ती कर्नलच्या आत उपलब्धच नसते.

म्हणून कर्नलला स्वतःचं फंक्शन लागतं. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं सप्टेंबर १९९१ मध्ये लिनक्सची ०.०१ ही पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. सारा कोड मिळून सुमारे १० हजार ओळींचा होता, आणि त्यात प्रिंट-के होतं. शेवटचा 'के' कर्नलचा.

वर्गणीची पावती आणि कोऱ्या जागा

प्रिंट-एफमधला 'एफ' म्हणजे फॉरमॅट. ही कल्पना समजायला गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक डोळ्यांसमोर आणा. 'श्री. ______ यांजकडून रु. ______ साभार पोहोचले.' मजकूर आधीच छापलेला असतो, जागा तेवढ्या कोऱ्या. कार्यकर्ता दारात आला की नाव आणि रक्कम भरतो.

प्रोग्रामरही असाच साचा लिहितो. कोरी जागा दाखवायला टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे एक अक्षर. अक्षर 'डी' असेल तर तिथे पूर्णांक येणार, 'एस' असेल तर मजकूर, 'एक्स' असेल तर सोळाच्या पायावरची संख्या. कर्नलला आपल्या कामासाठी आणखी काही खास जागा लागतात. आयपी अ‍ॅड्रेस, नेटवर्क कार्डचा मॅक अ‍ॅड्रेस, डिस्कचा ओळखक्रमांक हे सगळं नीट वाचता येईल असं छापायला त्यानं वेगळी अक्षरं ठरवली आहेत.

एक जागा मात्र या पावतीपुस्तकात नाही, ती दशांश अपूर्णांकाची. दशांशाचा हिशेब करणारा प्रोसेसरचा भाग चालू प्रोग्रामच्या आकड्यांनी भरलेला असतो. कर्नलनं तो वापरायचा तर आधी ते आकडे बाजूला जपून ठेवायचे आणि नंतर परत मांडायचे. त्यात वेळ जातो, म्हणून कर्नल शक्यतो त्या वाटेलाच जात नाही. फोनचं तापमान ३६.५ अंश असेल तर कर्नल ते ३६५०० असं सांगतं, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागात.

आता धोक्याची बाजू. जून २०२१ मध्ये एक गोष्ट सोशल मीडियावर गाजली होती. टक्क्याची चिन्हं आणि विशिष्ट अक्षरं असलेल्या एका विचित्र नावाच्या वायफायला आयफोन जोडला की त्या फोनचं वायफायच बंद पडायचं. फोन बंद करून सुरू केला तरी उपयोग नाही, नेटवर्क सेटिंग रीसेट करावी लागायची. ही चूक आयफोनच्या कर्नलमधली नव्हती, वायफाय सांभाळणाऱ्या एका प्रोग्राममधली होती. पण जात तीच. नेटवर्कचं नाव लॉगमध्ये लिहिताना ते कोऱ्या जागेत भरण्याऐवजी साचा म्हणूनच वापरलं गेलं होतं.

पावतीच्या भाषेत सांगायचं तर देणगीदारानं नाव म्हणून एक कोरी पावतीच हातात ठेवली, आणि कार्यकर्ता तिच्यातल्या जागा खिशात जे सापडेल त्यानं भरत बसला. पुढच्याच महिन्यात आलेल्या आयओएस १४.७ मध्ये ही चूक दुरुस्त झाली.

लिनक्स कर्नललाही हा रोग झालेला आहे. २०१३ मध्ये डिस्कचं नाव नोंदवणाऱ्या भागात अशीच चूक सापडली. तिचा गैरफायदा घ्यायला मशीनवर आधीच वरचे अधिकार लागत होते, त्यामुळे फार गाजावाजा झाला नाही. साच्यातलं 'एन' हे अक्षर त्यातल्या त्यात जास्त धोक्याचं, कारण ते छापण्याऐवजी मेमरीत लिहायला सांगतं. कर्नल आता ते मानतच नाही.

सीसीटीव्हीसारखी वही

प्रिंट-केनं तयार केलेला संदेश आधी मेमरीतल्या एका राखीव जागेत जातो. मूळ ठरवलेलं माप १२८ केबी, म्हणजे साधारण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका फोटोएवढं. गरजेप्रमाणे ते वाढवता येतं. ही जागा गोल फिरते. दुकानातला सीसीटीव्ही जसा डिस्क भरली की सर्वात जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं लिहितो, तसंच इथेही.

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरं टाईप करून एंटर दाबलं की ही वही उघडते. या आज्ञेला सगळे 'डी-मेसेज' म्हणतात. हल्ली बऱ्याच मशीनवर त्यासाठी अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. का, ते पुढे येईल.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात एक आकडा दिसतो. ती घड्याळातली वेळ नसते, मशीन सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले तो हिशेब असतो. म्हणून पहिल्या ओळींपुढे नुसती शून्यं असतात. डी-मेसेजला हा आकडा नेहमीच्या तारीख-वेळेत बदलून दाखवायला सांगता येतं, पण लॅपटॉप मधे झोपवला असेल तर ती वेळ चुकू शकते. मॅन्युअलमध्येच तशी सूचना आहे, आणि ती न वाचता लोक तासन् तास भलत्याच वेळेचा बिघाड शोधत बसतात.

प्रत्येक संदेशाला ० ते ७ अशी पातळीही असते. ० म्हणजे सिस्टिम वापरण्याजोगी राहिलेली नाही, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे नुसती माहिती, ७ म्हणजे प्रोग्रामरनं स्वतःसाठी घातलेली टिपणं. आकडा जितका लहान, तितकं संकट मोठं. लॅपटॉप सुरू होताना तुम्हाला फक्त सुंदर लोगो दिसतो, कारण 'क्वायट' नावाचा पर्याय चालू असतो आणि मग ४ च्या खालचेच संदेश स्क्रीनवर येतात. बाकीचे दिसत नाहीत, पण वहीत असतात.

सगळे संदेश इंग्रजीत. स्वीडिश बोलणाऱ्या फिनलंडच्या मुलानं सुरू केलेल्या कर्नलनं आपले संदेश कुठल्याच भाषेत भाषांतरित केले नाहीत, त्यामुळे इथे मराठीवर वेगळा अन्याय नाही. त्यातले काही मात्र भलतेच मजेदार आहेत. प्रिंटरकडून न कळणारी तक्रार आली तर लिनक्स 'एलपी झिरो ऑन फायर', म्हणजे प्रिंटरला आग लागली, असं कळवू शकतं. हार्डवेअरकडून कारण न सांगता तातडीचा इशारा आला तर 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड, बट ट्राइंग टू कंटिन्यू', म्हणजे गांगरलोय खरा पण काम चालू ठेवायचा प्रयत्न करतोय. हे वाचून मला कर्नलबद्दल पहिल्यांदाच माया वाटली.

एखादं उपकरण बिघडून तोच संदेश सेकंदाला हजार वेळा पाठवू लागलं तर? वही काही क्षणांत भरेल आणि मूळ कारण पुसलं जाईल. म्हणून अशा जागी प्रोग्रामर मर्यादा घालू शकतात. नेहमीचा नियम ५ सेकंदांत १० संदेशांचा. त्यावरचे गाळले जातात आणि किती गाळले तेवढं नंतर एका ओळीत कळवलं जातं.

या संदेशांवर मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रणाही अवलंबून असते. हजारो सर्व्हर असले की कुणी माणूस वही वाचत बसत नाही. 'अमुक शब्द दिसले की घंटा वाजव' असा प्रोग्राम लावलेला असतो. पण कर्नलच्या नव्या आवृत्तीत कुणी त्या वाक्यातलं शुद्धलेखन सुधारलं की घंटा कायमची गप्प, आणि गप्प झाली हे कळणारही नाही. यावर उपाय म्हणून फेसबुकच्या एका अभियंत्यानं कर्नलमधल्या सगळ्या साच्यांची सूची ठेवण्याची सोय केली. ती २०२१ मध्ये ५.१५ या आवृत्तीत आली.

बोलायलाही वेळ लागतो

वहीत लिहिणं झटपट होतं. तोच संदेश बाहेर, म्हणजे स्क्रीनवर किंवा सीरियल केबलवरून दुसऱ्या मशीनकडे पाठवणं मात्र फार सावकाश.

सर्व्हरवर आजही वापरली जाणारी सीरियल लाइन साधारण ११५२०० या वेगानं चालते. एका अक्षराला १० बिट धरले तर सेकंदाला ११,५२० अक्षरं. म्हणजे ८० अक्षरांच्या एका ओळीला सुमारे ७ मिलिसेकंद. आपल्यासाठी हे काहीच नाही. पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या घड्याळाचे तेवढ्यात २ कोटींहून जास्त ठोके पडून जातात.

बरं, छापत असताना मधेच दुसऱ्यानं छापायला सुरुवात केली तर ओळी एकमेकांत मिसळतील. म्हणून कुलूप. एकाच्या हातात कुलूप असताना बाकीच्यांनी आपला संदेश वहीत टाकून निघून जायचं, आणि छापणाऱ्यानं त्यांचेही संदेश छापायचे. व्यवस्था बरी दिसते, पण संदेश येतच राहिले तर तो बिचारा आपलं काम सोडून सगळ्या गावाचे निरोप पोहोचवत बसतो. त्याचा प्रोसेसर इतका वेळ अडकतो की 'हा प्रोसेसर अडकलाय' असा नवा इशारा येतो. तोही छापायचा असतोच! २०१८ मध्ये यात सुधारणा झाली आणि रांगेत थांबलेल्याला काम सोपवून सुटका करून घेण्याची सोय आली.

दुसरी अडचण जास्त भयंकर आहे. समजा एका प्रोसेसरनं कुलूप घेतलं आहे आणि नेमक्या त्याच क्षणी, त्याच प्रोसेसरवर, कुठल्याही परिस्थितीत टाळता न येणारा हार्डवेअरचा इशारा आला. हातातलं काम जिथल्या तिथे थांबवून आधी तो हाताळायचा असतो. तो हाताळणाऱ्या कोडला काही छापायचं आहे, म्हणून तो कुलूप मागतो. कुलूप ज्याच्याकडे आहे त्याला तर यानंच थांबवून ठेवलं आहे. कुणीच पुढे सरकत नाही. मशीन गप्प होतं, आणि ज्या संदेशासाठी हा सगळा खटाटोप तोच बाहेर पडत नाही.

प्रिंट-केपुढचा खरा पेच हा आहे. साधा प्रोग्राम निवांतपणे छापतो. प्रिंट-केला मेमरी संपलेली असताना, कुलपं लागलेली असताना, अर्ध्या गोष्टी मोडलेल्या असताना बोलावं लागतं. त्यानं नवी मेमरी मागायची नाही, थांबून राहायचं नाही, आणि तरीही शेवटचं वाक्य पोहोचवायचं. ते घाईनं स्वतःच छापत बसलं तर चालू मशीन अडतं. नंतर सावकाश छापू म्हणालं तर 'नंतर' कधी येतच नाही.

या पेचाची किंमत एका मोठ्या प्रकल्पानं मोजली. यंत्रमानव, कारखान्यातली यंत्रं अशा ठिकाणी काम ठरलेल्या वेळेतच व्हावं लागतं. त्यासाठी लिनक्सला 'रिअल-टाइम' बनवण्याचं काम सुमारे २० वर्षं चाललं. त्यातला शेवटचा मोठा अडथळा प्रिंट-के होता, कारण संदेश छापताना ते मनाला येईल तेवढा वेळ प्रोसेसर अडवायचं. जॉन ऑग्नेस या प्रोग्रामरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधी वही कुलपाशिवाय चालेल अशी केली. ती डिसेंबर २०२० मध्ये ५.१० या आवृत्तीत आली. मग बाहेर पाठवण्याची पद्धत बदलायला घेतली. साधा संदेश, आणीबाणीचा संदेश आणि मरणाच्या दारातला संदेश असे तीन दर्जे ठरले, आणि वरच्या दर्जाचा संदेश आला की तो खालच्याच्या हातातून छापण्याचं काम काढून घेऊ शकतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये रिअल-टाइम लिनक्स मुख्य कर्नलमध्ये सामील करण्याची विनंती टोरवाल्ड्सला व्हिएन्नात देण्यात आली, नेहमीसारखी ईमेलनं नव्हे, तर कागदावर छापून आणि सोनेरी वेष्टनात गुंडाळून. ६.१२ ही आवृत्ती १७ नोव्हेंबर २०२४ ला आली.

शेवटचे शब्द जातात कुठे?

कर्नल पूर्ण कोसळतं, ज्याला 'पॅनिक' म्हणतात, तेव्हा मेमरीतली वही सहसा त्याच्याबरोबर जाते. म्हणून सर्व्हरवाले केबलनं किंवा नेटवर्कवरून संदेश दुसऱ्या मशीनकडे पाठवत राहतात. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये मेमरीचा एक छोटा तुकडा राखून ठेवलेला असतो. फोन रीस्टार्ट होताना तो पुसला जात नाही, आणि पुढच्या वेळी तिथून मागच्या मरणाची नोंद वाचता येते. सुरुवातीला सांगितलेला काळ्या स्क्रीनचा प्रसंग तिथे सापडू शकतो.

६.१२ मध्येच आणखी एक सोय आली. पॅनिकच्या वेळी स्क्रीनवर थेट क्यूआर कोड दाखवायचा आणि शेवटचे संदेश त्यातच भरायचे. तुमच्या लिनक्स कंपनीनं ही सोय चालू केली असेल तर फोनच्या कॅमेऱ्यानं स्कॅन करायचं, बस. पूर्वी लोक स्क्रीनचा हललेला फोटो काढून ओळी हातानं टाईप करायचे.

लपवायचं काय, दाखवायचं काय?

वहीला पासवर्ड का, त्याचं उत्तर आता. कर्नलचा कोड मेमरीत कुठे बसला आहे हे हल्लेखोराला कळलं तर त्याचं अर्धं काम होतं. म्हणून कर्नल दर वेळी सुरू होताना आपली जागा बदलतं. पण वर्षानुवर्षं लिहिल्या गेलेल्या असंख्य प्रिंट-के ओळी मेमरीतले पत्ते जसेच्या तसे छापत होत्या. घराचा पत्ता रोज बदलायचा आणि दारावर पाटी लावायची, असाच प्रकार. जानेवारी २०१८ मधल्या ४.१५ या आवृत्तीपासून 'पी' या अक्षराच्या जागी खरा पत्ता येत नाही, त्याऐवजी गोंधळवलेला आकडा येतो. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत एका पत्त्याला तोच आकडा मिळतो, त्यामुळे बिघाड शोधणाऱ्याचा माग तुटत नाही.

ही काळजी कर्नल स्वतःची घेतं. तुमची घेत नाही. फेसबुक ग्रुपवर किंवा टेलिग्रामवर 'लॅपटॉप सारखा बंद पडतोय, मदत करा' म्हणून अख्खी वही टाकणारे रोज दिसतात. मीही टाकली होती. फोटो कॉपी करताना माझा जुना लॅपटॉप अडकायचा, आणि दुरुस्तीच्या दुकानात मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं होतं. वहीत मात्र डिस्कशी जोडणी तुटल्याची एकच ओळ परत परत येत होती. ग्रुपवरच्या एका दादानं ती पाहून केबल घट्ट बसवायला सांगितली, आणि तेवढ्यानं काम झालं. नंतर त्यानंच मला वेगळा मेसेज करून सांगितलं, "ताई, पोस्ट एडिट कर. तुझ्या पेन ड्राइव्हचा सीरियल नंबर आणि घरच्या राउटरचा मॅक अ‍ॅड्रेस त्यात आहे."

तर पोस्ट करण्याआधी हे बघा. 'सीरियल नंबर' असं लिहिलेल्या ओळी आणि दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, मधे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, असं जे दिसेल ते मॅक अ‍ॅड्रेस. हे झाका. कम्प्युटरचं नाव तुमच्या नावावरून ठेवलं असेल तर तेही. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शनमधून निघणाऱ्या 'बग रिपोर्ट'मध्ये कर्नलची वही असतेच, शिवाय इतरही बरंच काही असतं. ती फाइल सार्वजनिक ग्रुपवर टाकूच नका.

चौकटी कंसातले वेळेचे आकडे मात्र झाकू नका, कर्नलची आवृत्ती सांगणारी ओळही ठेवा. आणि स्क्रीनशॉट शेवटच्या ओळीचा नको. एक चूक झाली की तिच्यामुळे पुढच्या दहा होतात, म्हणून वर सरकत जा आणि जिथे पहिल्यांदा काहीतरी बिनसलेलं दिसतं तिथपासूनचा मजकूर द्या.